रिकामा डबा देऊ नये

आफ्रिकेतल्या माणसांची दानत आणि माया दाखवणारं एक पुस्तक निवडा आणि शनिवारी सगळ्या शाळेपुढे वाचा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं तेव्हा बोथ गावच्या धम्मपाल सरांची छाती फुगली. घरी पुस्तकांचा ढीग मांडून ते बसले. शेजारच्या मनकर्णाबाईंनी पाठवलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मांडीशी होताच.

"ह्याच्यात नुसते सिंह," म्हणत त्यांनी एक पुस्तक बाजूला टाकलं. लाडू खाल्ला. "ह्याच्यात नुसता दुष्काळ. माणसं कुठी हायेत?" आणखी एक लाडू. मग मलावीतल्या एका म्हातारीचं पुस्तक हाती आलं. घरातलं शेवटचं पीठ रांधून ती अनोळखी वाटसरूला जेवू घालते. सरांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी शेवटचा लाडू तोंडात टाकला आणि जरा आडवे झाले.

आतून त्यांच्या बायकोनं, वृषालीनं, लेकीला हाक मारली, "हर्षू, मनकर्णाकाकूचा डबा देऊन ये. रिकामा नको देऊ, बरं!"

संध्याकाळी सर उठून पाहतात तो पुस्तक गायब. "हर्षू, माहं पुस्तक?"

"डब्यात घालून देल्लं न, पप्पा."

शाळेची ती एकुलती एक प्रत! सर तसेच धावले. मनकर्णाबाई दारातच म्हणाल्या, "अय बाप्पा, सर! डब्यात पुस्तक! केवढं मोठं मन तुमचं!"

"ते... वाचून झालं का?"

"झालं न पोट्ट्यायचं. मंग बयनाबाईचं पातेलं रिकामं कसं द्याव? त्याच्यात ठेवून देल्लं."

बयनाबाईच्या ओसरीवर नात पुस्तक वाचत होती आणि म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. "काऊन आले, सर?"

"सहज," सर म्हणाले. दानतीचं पुस्तक परत मागायचं तरी कोणत्या तोंडानं? त्या तोंडाला अजून लाडवाचा वास येत होता.

शनिवारी सरांनी रिकाम्या हातानं उभं राहून गोष्ट आठवेल तशी सांगितली. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "पुस्तक कुठं आहे, सर?"

"देऊन टाकलं, म्याडम. गावात फिरून राह्यलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी मान नम्रपणे खाली घातली, पण कोण कोण टाळ्या वाजवतंय हे तिरक्या डोळ्यानं पाहूनही घेतलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हर्षाली उठली. "म्याडम, पप्पानं सारे लाडू एकट्यानंच खाल्ले! मले एक बी नाही देल्ला. डबा रिकामा कसा द्याव, म्हणून म्या पुस्तक ठेवलं!"

सगळी शाळा हसली. सरही हसले, दुसरं करणार काय! पुढच्या खेपेची पुस्तकं निवडायचं काम बाईंनी हर्षालीला दिलं. सरांकडे त्या पुस्तकांचं ओझं वाहायचं काम आलं.