चष्मेवाल्यांचा चकोट

"मी बाहेर येईपर्यंत या बाकावरून हलायचं नाही. आणि हे बघा, कोणाशी वाद घालायचा नाही. अगदी कोणाशीही नाही."

स्ट्रेचरवरून आत जाताना बायकोने बजावलेलं हे वाक्य चष्मेवाल्यांच्या कानात घुमत होतं. तिने उगीच बजावलं नव्हतं. चष्मेवाले दुकानात नंबर चुकला म्हणून गिऱ्हाइकाशी भांडत आणि बरोबर निघाला तर 'मग इतके दिवस का नाही आलात?' म्हणून भांडत. पण आज त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. बायकोच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो फुटला तर काय, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं मात्र नीट होतं. डोकं उघडायचं नाही, मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वरपर्यंत न्यायची आणि त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं बसवायचं. पण 'मेंदू' हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं काहीच चष्मेवाल्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांना दिसत होती ती फक्त बायकोची कमरेपर्यंतची वेणी. ती वेणी कापली जाणार, मग बायकोला एकटं वाटू नये म्हणून सकाळी येतायेताच सलूनमध्ये शिरून त्यांनी चकोट करून घेतला होता आणि वर टोपी चढवली होती.

बाकावर बसून देवाचं नाव घेताघेता डोक्याला घाम आला. त्यांनी टोपी काढली आणि तिथेच घात झाला.

"सापडले एकदाचे!" वॉर्डमधले मामा चाकाची खुर्ची ढकलत आले. "काका, सगळा मजला पालथा घातला. बसा बरं."

"मी पेशंट नाही हो."

"नाहीच मुळी. बसा."

मामांचाही इलाज नव्हता. दुसऱ्या नंबरचे पेशंट, एक टकले शिंपीकाका, सकाळपासून कॉटवरून गायब होते. 'टक्कल आहे, घाबरलेत, पेशंट नाही म्हणतील, गोड बोलून आणा,' असं सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं.

चष्मेवाले खवळणार तोच बायकोचा आवाज आठवला. बाकावरून हलायचं नाही, हे खरं. पण न हलायचं तर वाद घालावा लागणार. दोन्ही शब्द एकदम कसे पाळायचे? तिने 'कोणाशीही नाही' जरा जोरात म्हटलं होतं, म्हणून ते मुकाट्याने खुर्चीत बसले.

"हातातला पट्टा काढून टाकलात ना?" सिस्टर रागावल्या. "चहाबिहा नाही ना घेतलात?"

"घेतला. बिस्किटंपण."

"अरे देवा!"

तेवढ्यात मेहुणी धापा टाकत आली आणि चकोट केलेले भावोजी चाकाच्या खुर्चीत बघून जागीच थबकली. "अगंबाई! ताईचं होतं ना? तुम्हालाही निघालं?"

"तुमचे कोण हे?" सिस्टरांनी विचारलं.

"भावोजी आहेत माझे."

"मग समजवा त्यांना. सकाळपासून पळताहेत."

"पळताहेत?" मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. "भावोजी, ऐका हो! ताईसाठी तरी ऐका. आयुष्यात एकदा तरी समोरच्याचं ऐका!"

आता घरचंच माणूस फितूर झाल्यावर काय बोलणार? मामांनी त्यांना पाठीमागून उघडा असलेला हिरवा झगा चढवला आणि कॉटवर आडवं केलं. चष्मेवाले छताकडे बघत राहिले. ती बाहेर येईल, बाकाकडे बघेल आणि बाक रिकामा दिसेल.

दार उघडून डॉक्टर आत आले. "अहो, तुम्ही इथे काय करताय? तुमच्या मिसेस केव्हाच्या तुम्हाला विचारताहेत!"

"आली? कशी आहे?"

"उत्तम. फुगा बंद झाला. पण तुम्हाला हा झगा कुणी..."

पुढचं ऐकायला चष्मेवाले होते कुठे? मागून झगा आवळत ते धावले. बायको पाय सरळ ठेवून पडली होती. चेहरा थकलेला, आणि वेणी जशीच्या तशी खांद्यावर. तिने नवऱ्याच्या चकोटाकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं.

"अहो, डोकं कुणाचं उघडलं?"

"वाद नाही घातला मी," चष्मेवाले म्हणाले आणि रडायलाच लागले. ती हसायला लागली.

"हसू नका! पाय हलेल!" सिस्टर ओरडल्या. मग त्यांनाही हसू आवरेना.

इतक्यात मामा खऱ्या शिंपीकाकांना घेऊन आले. ते जिन्याखाली सापडले होते. दाराची चौकट घट्ट धरून ते म्हणाले, "मी येतो ना आत. पण मांजर घरात कोंडलंय हो. पहाटे घाईत खिडकी लावली. मला काही झालं तर त्याला कोण सोडणार?"

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले. "किल्ली द्या इकडे. मी जातो. तुम्ही निवांत आत जा. ही बघा, आत्ताच बाहेर आली. वेणीचा पेडसुद्धा हललेला नाही."

शिंपीकाकांनी चष्मेवाल्यांच्या बायकोकडे निरखून पाहिलं. तिने मान डोलावली. मग त्यांनी हळूच किल्ली काढून दिली, घर सांगितलं.

"नाव काय मांजराचं?"

"नाव नाही. नुसतं 'ए' म्हटलं की येतं. पण मऊ म्हणा हं. आवाज चढला की कपाटाखाली जातं, मग दिवसभर निघत नाही."

बायकोचा डोळा लागला, मेहुणी उशाशी बसली. चष्मेवाल्यांनी आपले कपडे चढवले, कोपऱ्यावरून दुधाची पिशवी घेतली आणि शिंपीकाकांच्या गल्लीकडे वळले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी घसा खाकरला.

"ए!" म्हणून बघितलं. फारच दरडावल्यासारखं झालं.

"ए..." पुन्हा म्हणाले, जरा खाली. मग आणखी खाली. तसंच म्हणत म्हणत, किल्ली मुठीत धरून, ते भरभर चालू लागले.