शामराव ढोक यांची न हललेली मान

पीडित: शामराव ढोक, वय बावन्न, धंदा संत्र्याचा बगीचा, मुक्काम सौंसर. प्रतिवादी: त्यांची स्वतःची मान. घटनेचा दिवस: राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात असलेल्या चालू वर्षी, दसऱ्यानंतरचा पहिला बाजारवार. साक्षीदार: गणपत मोची, लक्ष्मण न्हावी आणि प्रस्तुत लेखक, म्हणजे तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस, शिक्षण मराठी चौथी, अनुभव अफाट.

वाचकहो, शामरावांची मान कोणत्याच दिशेला वळत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचा फोटो काढून निदान केले, की मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या आहेत, हाडावर हाड घासते आणि तिथून सुटलेली कळ उजव्या हाताच्या बोटांपर्यंत उतरते. आमच्याकडे याला मान धरणे म्हणतात. परंतु धरलेली मान दोन दिवसांत सुटते. ही चार वर्षे सुटली नाही.

त्यामुळे शामरावांना उजवीकडे पाहायचे झाल्यास ते संपूर्ण उजवीकडे वळतात, चपलांसकट. देवळात नमस्कार करताना ते कमरेतून असे वाकतात, की पुजारी आधी समई बाजूला घेतो. दाढीच्या वेळी लक्ष्मण न्हावी म्हणतो, "भाऊ, मुंडी जराशी वर करा नं." त्यावर शामरावांचे ठरलेले उत्तर, "मुंडी आहे तिथंच राहीन. तू खाली बस."

झाडाच्या शेंड्यावरचा बहार पाहण्यासाठी ते बगीच्यात चक्क उताणे झोपतात. एकदा नवीन व्यापारी आला, त्याने मालक निश्चल पडलेले पाहिले आणि टोपी काढून हात जोडले. शामराव जमिनीवरूनच म्हणाले, "मेलो नाही बाप्पा, मोजून राहिलो."

उपचारांबद्दल काय सांगावे. जवसाचे पोटीस झाले, तापल्या विटेचा शेक झाला. रामाकोन्याच्या एका पहिलवानाने मान जागेवर बसवून देतो म्हणून अशी बसवली, की शामरावांनाच पुढचा आठवडा बसता आले नाही. अखेर डॉक्टरांनी गळपट्टा सांगितला. तो गणपत मोच्याने बैलाच्या गळ्यातल्या जोत्याच्या कातड्याचा शिवला. माप घेताना गणपत म्हणाला, "बैल तरी हालते हो भाऊ, तुम्ही तं त्याच्याहून गरीब." गावात शामरावांची सर्वांना सवय झाली. कोणी विचारले, "कसं काय?" तर ते म्हणत, "मान गेली खड्ड्यात, माणूस उभा आहे."

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो.

शामरावांना एकच अपत्य, कुसुम. आई गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघेच. वीट तापवायची, पट्टा बांधायचा, उशीखाली घडी ठेवायची, सर्व तिच्या हाती. यंदाच्या उन्हाळ्यात तिचे लग्न काटोलच्या दौलतरावांच्या मुलाशी झाले. लग्नाचे सर्व दिवस शामरावांनी गळपट्टा पेटीत ठेवला आणि गळ्याला रेशमी उपरणे गुंडाळले. मी विचारले, तर म्हणाले, "इवायाले दिसलं तं उद्या पोरीले म्हणतीन, बापाची हाडं किडकी, हिचीही निघतीन." व्याही दौलतरावांना आजवर आजाराचा पत्ता नाही.

हे दौलतराव भाषणाचे भुकेले. आमचा तालुका मराठी मुलखात गेलाच पाहिजे, यासाठी त्यांनी उल्लेखिलेल्या बाजारवारी सौंसरात सभा घेतली. काय ती गर्दी! कापसाच्या गाड्यांवर माणसे, झाडांवर माणसे. व्याही म्हणून शामराव पहिल्या रांगेत, रेशमी उपरण्यात. दौलतराव गरजले, "ज्याले मंजूर असन त्यानं हात वर करा!" सारा बाजार हातांनी भरला. शामरावांचा उजवा हात मांडीवरच राहिला. तो छातीच्या वर जातच नाही. डावा वर करणे त्यांना अशुभ वाटले.

"इवाई, तुमचं काय?" दौलतरावांनी सर्वांदेखत विचारले. "हात नाही तं नाही, मान तं डोलवा."

मान डोलली नाही. शामराव तोंडाने हो म्हणाले, हे मी शेजारी असल्याने ऐकले. परंतु घोषणांत ते मंचापर्यंत पोहोचले नाही. दौलतराव उपरणे झटकून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी काटोलहून निरोप आला: ज्यांना आमचा मुलूख नको, त्यांच्या घरी आमची सून पहिल्या दिवाळीला येणार नाही.

मी तत्काळ कागद काढला. "डॉक्टरांचा दाखला जोडतो," म्हटले. "एका अर्जात काटोल वाकवतो."

"आजाराचं नाव काढाल तं पाहा अर्जनवीस."

"मग कारण काय लिहू?"

"काहीच लिहू नका. मी स्वतः जातो."

तीन दिवस ते दिसले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी बगीच्यात गेलो. शामराव एका संत्र्याच्या झाडासमोर उभे होते. गळपट्टा फांदीला टांगलेला. डाव्या हाताने त्यांनी स्वतःची हनुवटी धरली होती आणि ते मान खाली दाबत होते. जरा खाली, पुन्हा वर. डोळ्यांतून पाणी वाहत होते, मिशी भिजली होती. झाडाला ते हळू आवाजात म्हणत होते, "मंजूर आहे इवाई. मंजूर आहे."

माझी चाहूल लागताच ते चपलांसकट वळले.

"आता हालते थोडीशी," ते म्हणाले. "त्याहीच्या समोर एकदा हालली म्हणजे झालं. पोरगी येईन."

मी आयुष्यात अनेकांच्या वतीने बोललो आहे. त्या वेळी मी फांदीवरचा पट्टा काढला आणि त्यांना बांधून दिला. पट्टा बसल्यावर ते म्हणाले, "लिहा तं मग. आजाराचंही लिहा. पण त्याच्या आधी हे लिहा, का माह्या पोरीची मान शाबूत आहे. लहानपणापासून पाहून राहिलो मी."

क्रम चुकला, तरी ते या ठिकाणी लिहिले आहे. हा मजकूर मी स्वतः काटोलला नेऊन दौलतरावांच्या हाती देणार आहे.

सबब दौलतरावांस सविनय विनंती, की बगीच्यातील मान हललेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे, ती भर सभेत हलली असे समजून मंजूर करावी. उत्तर लेखी देण्याची तसदी घेऊ नये. उत्तर म्हणून कुसुमलाच धाडावे.