द्वारकाबाईंच्या दारच्या उताराची हकीकत

श्री विघ्नहर्ता साह्य असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका राज्यात नगरपालिकेचा अंमल होता आणि तिणे प्रजेस घरे भाड्याने दिली होती. पैकी सातव्या घरी भार्गवराव खरवंडीकर व त्यांचे कुटुंब द्वारकाबाई नांदत. बाईंचे पाय अधू जाहले, म्हणोन बंधूंनी तीनचाकी स्कूटर धाडिली, परंतु रस्ता आणि दार यांमध्ये एक गटार व तीन पायऱ्या, त्यामुळे वाहन दारी येईना, आणि बाई बोलिल्या, "दोघांनी उचलून न्यायला मी काय गव्हाचं पोतं आहे?" आणि सहा मास उंबरा ओलांडिला नाही. मग भार्गवराव उताराची परवानगी मागण्यास कचेरीवर चालून गेले. तेथे दप्तरदार टिल्लू चहा प्राशन करीत होते. ते वदले, "काका, घर आमचं, पायऱ्या आमच्या, पण गटार दुसऱ्या खात्याचं." मग गटारखात्याने बांधकामखात्याकडे धाडिले आणि बांधकामखात्याने बागखात्याकडे, कां की नकाशात तुळस होती; आणि बागखात्याने तुळशीस अभय दिले व उताराविषयी मौन धरिले.

तेव्हा शेजारीण शकूताई, मोठी मुत्सद्दी, बोलिली, "भावजी, अर्ज कसले करता? मोठ्या साहेबांचा सत्कार करा."

"कशाबद्दल?"

"अतिक्रमणं हटवली म्हणून. आणि पत्रात लिहा, साहेबांची गाडी थेट दारात यावी."

द्वारकाबाई आतून बोलिल्या, "शाल नवी आणू नका. ह्यांच्या निवृत्तीतल्या शालीची घडी अजून मोडलेली नाही."

पत्र पावताच कचेरीत धावपळ जाहली, आणि टिल्लू गवंडी व सिमेंट घेऊन आले, आणि चार दिवसांत गटार झाकिले, पायऱ्या गडप जाहल्या, तुळस चार हात सरकविली आणि उतार सिद्ध जाहला. मग साहेबांची स्वारी उतारावरून दारी आली, शाल पांघरली, अतिक्रमणाच्या नायनाटावर पाऊण तास भाषण केले, दोन बशा पोहे खाल्ले आणि निघोन गेली. तिसरे दिवशी त्याच कचेरीची नोटीस आली की, अनधिकृत उतार पाडावा लागेल.  भार्गवराव नोटीस घेऊन टिल्लूंकडे गेले. टिल्लूंनी दप्तर उलथेपालथे केले आणि ते हळूच बोलिले, "काका, बांधल्याचा कागदच नाही. न बांधलेला उतार पाडू कसा? तुम्ही आधी बांधायच्या परवानगीचा अर्ज करा, मग पाडतो."

भार्गवरावांनी जन्मभर कोणताही अर्ज भरण्यास नकार दिला नव्हता. ते बोलिले, "नाही करत."

आणि घरी आले. मग द्वारकाबाई स्वतः स्कूटर हाकीत भाजीबाजारावर चालून गेल्या आणि तिसरे प्रहरी परतोन भार्गवरावांस वदल्या, "सहा महिने किडकी वांगी आणत होतात तुम्ही."

येणेप्रमाणे उतार कायम राहिला. कचेरीच्या दप्तरी त्या जागी अद्याप तीन पायऱ्या आहेत. ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे जाहले असल्यास जाणत्यांनी पदरात घ्यावे.