वीतभर राहिलेली वाकय

शिलाई मशीन घ्यायला निघालेली माणसं खिशात पैसे घालून निघतात. आमचे झुलालनाना काखेत जुन्या लुगड्यांची एक चौकोनी घडी मारून निघायचे. सात पदर एकावर एक रचून टाचलेली ती हातभर घडी दुकानदाराच्या काउंटरवर ठेवायची आणि त्याच्याकडे न बघता मशीनकडे बघून विचारायचं, "सात पदर शेतस. चाली का?"

मशीन चालो न चालो, दुकानदाराचं डोकं मात्र थोड्याच वेळात चालेनासं व्हायचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. प्रकाशा गावात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि मोटारसायकल फक्त माझ्याकडे. शाळेला सुट्टी लागली की नाना टोपी चढवून माझ्या ओट्यावर हजर. आम्ही शहादा पालथं घातलं, तळोदा पालथं घातलं. नंदुरबारला तर ऐन मिरचीच्या हंगामात शिंकत, डोळे पुसत पाच चकरा मारल्या.

नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. आयुष्य उसाच्या गाड्या जोखण्यात गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावरच विश्वास नाही. मेथीची जुडी घरच्या काट्यावर चढल्याशिवाय चुलीकडे जायची नाही. मी एकदा सहज म्हणालो, "आज ऊन फार आहे हो." तर घरात जाऊन ताप बघायचा थर्मामीटर घेऊन आले आणि ओट्याच्या फरशीवर ठेवला. "आधी जोखूत, मंग बोलूत," हे त्यांचं पालुपद. थर्मामीटर फुटला, तरी पालुपद शाबूत.

मशीन हवी होती ती नानींसाठी. नानी म्हणजे त्यांची बायको, आणि वाकय शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. गोधडीला आमच्याकडे वाकय म्हणतात. मशीन आली त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, नानींनी स्वतःच्या आईची लुगडी अंथरली, सात पदर रचले, चारी बाजूंनी धावदोरा घातला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. वाकय तशीच गुंडाळून खाटेखाली राहिली.

नानींच्या माहेरची एक समजूत. मांडलेली वाकय अर्धी टाकून बाई मरायला टेकली, तर तिचा जीव त्या वाकयमध्ये अडकतो. सुटत नाही, देह पडला तरी. मी भेटायला गेलो की नानी जड जिभेनं तेच तेच सांगायच्या, "मास्तर, त्यास्ले सांगा, वाकय पुरी करी टाका म्हना. माले मोकयं करा." अंथरुणात पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. दुसरं काही त्या मागत नव्हत्या.

नानांना सुई धरता येत नव्हती. म्हणून मशीन. साधी, पायाची, सुरुवातीला शिकायला बरी अशी. पण नानांनी एवढ्याशा गोष्टीला सहा महिने लावले.

तळोद्याच्या दुकानदारानं एक गुलाबी, सुबक मशीन दाखवली. नानांनी ती एका हातानं उचलली आणि खाली ठेवली. "हाई इतली हलकी, वाकय वढी तं मशीनच तिन्हामांगे येई." शहाद्यात एकानं मोठ्या हौसेनं सांगितलं, हिच्यात शंभर तऱ्हेची नक्षी आहे. नाना म्हणाले, "माले येकच टाका पाहिजे. सरय." मग सुईखालचे दाते खालचा पदर ओढतात आणि वरचा मागे राहतो का, हे बघायला ती लुगड्यांची घडी मशीनमध्ये घालायची. दाबाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, पुन्हा घालायची. अठरा नंबरची जाड सुई मागायची. ती मोडली की दुकानदाराकडे असं बघायचं, जणू त्यानंच दातानं तोडली. आणि निघताना, "देखूत. आखो दुसरं दुकान शे."

घरी नानी खाटेवरून टोमणा मारायच्या. अर्धं तोंड हसायचं, अर्धं नाही. "मास्तर, लगीनना येळे ह्या माले देखाले येकच डाव वनात. नि मशीनले धा डाव!"

शेवटी दसऱ्याला नंदुरबारहून काळी, ओतीव लोखंडाची, पायाची मशीन आली. रिक्षातून उतरवताना रिक्षावाल्यासकट आम्हां तिघांची कंबर धरली. नानांनी ती नानींच्या खाटेसमोर, त्यांना दिसेल अशी मांडली आणि हळदकुंकू वाहिलं. नानींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही बरं वाटलं. आता महिन्याभरात बाई सुटेल, असं मनात आलं, आणि मी स्वतःलाच दरडावलं.

नानांनी शिवायला घेतलं ते नानी हातानं शिवायच्या तसं. कडेनं सुरुवात, मग फेऱ्यावर फेरे घालत आत. खडखड, खडखड. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत वाकय मधे वीतभर राहिली आणि तिथंच अडली. कडेचं शिवलेलं ताठ झालं, त्याची गुंडाळी एवढी जाडी झाली की सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये ती शिरेना. शिवाय सात पदरांचा सगळा झोळ सरकत सरकत मधे येऊन फुगला.

"कितली राहिनी?" नानी विचारायच्या.

"वीतभरच."

दुसऱ्या दिवशी तोच सवाल, तोच जबाब. असे दोन महिने गेले. मला राहवेना. एका शनिवारी मी एकटाच नंदुरबारच्या त्या दुकानात गेलो आणि भांडलोच. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मास्तर, मी काकांना दोन वेळा सांगितलं. मशीनवर गोधडी मधूनच सुरू करायची आणि बाहेर जायचं. कडेनं आलात तर मधे अडकाल. कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तर टेप लावून खांबापर्यंतची जागाही मोजली होती."

परतताना माझं डोकं तापलं होतं. नानांना ओट्यावर गाठलं आणि बाहेरच सुनावलं. नानी तिकडे खितपत पडल्यात, तुम्हांला सगळं माहीत होतं, मग कडेनं का शिवलंत?

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "वाकय पुरी हुई गयी तं ती चालनी जाई, मास्तर."

मी भांडायला आलो होतो.  सहा महिने हा माणूस मशीन निवडत नव्हता, बायको अडवून धरत होता. आणि ती आत सुटायची वाट बघत होती. यात चूक कुणाची म्हणावी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

संक्रांतीनंतर आठच दिवसांनी नानी गेल्या. वाकय वीतभर तशीच होती.

तिसऱ्या दिवशी तापीवर अस्थी सोडून आलो. दुपारी नानांनी मला हाक मारली. वाकय जमिनीवर अंथरलेली होती. नानांनी मशीन भिंतीकडे सरकवली होती. हातात मोठी सुई. "दोरा टाकी द्या, मास्तर. माले दिखत नही."

मी दोरा ओवून दिला. नाना मांडी घालून बसले आणि तो फुगलेला मधला तुकडा हातानं शिवायला लागले. टाके बोटभर लांब, वाकडेतिकडे. दोनदा सुई बोटात घुसली. मी म्हणालो, राहू द्या, शेजारच्या कुणा बाईला सांगू. ते म्हणाले, "नही. मीच तिले अडकाडी ठेवेल व्हतं." संध्याकाळपर्यंत मी नुसता दोरा ओवून देत होतो.

शेवटची गाठ मारली. दोरा दातानं तोडला. मग रिकाम्या खाटेकडे बघून, ती समोर बसली असावी तसं, हळूच म्हणाले, "जाय आते. मी धरी ठेवत नही."

आणि वाकयवर डोकं टेकून ते मोठ्यानं रडले. मी उठलो नाही, त्यांना गप्प केलं नाही, आणि मीही रडलो.