कुमुदताईंचा लाल ठिपका

कुमुदताई साळवी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून रंगीत ठिपक्यांचा एक कागद काढला, माझा फ्रिज उघडला आणि आतल्या डब्यांना ठिपके लावायला सुरुवात केली. कालच्या वांग्याच्या भाजीला लाल. वेम्बलीहून आणलेल्या श्रीखंडाला पिवळा. लोणच्याला हिरवा.

"लाल आजच संपव," त्या म्हणाल्या. "पिवळं उद्यापर्यंत थांबेल. हिरव्याची काळजी करू नकोस, ते आपल्यापेक्षा जास्त जगणार आहे."

तेवढ्यात माझा नवरा 'अजून किती वेळ?' असं विचारत स्वयंपाकघरात आला. कुमुदताईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या शर्टावर हिरवा ठिपका चिकटवला.

तीस वर्षं त्यांनी इथल्या, इंग्लंडमधल्या, एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून काढली होती. दारातून आलेल्या माणसांपैकी आधी कोणाला बघायचं आणि कोणाला बसवून ठेवायचं, हे ठरवणं हे त्यांचं काम. हॉस्पिटलमधून त्या रिटायर झाल्या, पण ही सवय रिटायर झाली नाही. आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमात आधी नाट्यगीतं की आधी नाच, यावरून एकदा दोन तट पडले. आवाज चढले. कुमुदताई उठल्या आणि म्हणाल्या, "आधी कोण मरतंय ते सांगा." कोणीच मरत नव्हतं. नाच आधी झाला.

एखादा माणूस फारच तावातावाने बोलायला लागला की त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं असे : "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे." मग त्या शांतपणे दुसरीकडे वळत.

रिटायर झाल्यावर त्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. कुठल्याच पक्षाकडून नाही. प्रचारही केला नाही म्हणा ना. "निम्म्या वॉर्डाला मी टाके घातलेत," त्या म्हणाल्या, "उरलेल्या निम्म्यांच्या आयांना." आणि निवडून आल्या.

मी त्याच कौन्सिलमध्ये नोकरीला. मिटिंगांच्या नोंदी लिहायच्या, कागद पाठवायचे, वेळेवर चहा येतोय ना ते बघायचं, हे माझं काम. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मेडनहेडच्या पुढे, नदीकाठचं आमचं गाव. आमच्या कौन्सिलला कायदे करता येत नाहीत. ते वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटमध्ये होतात. कौन्सिल फक्त मागू शकते. म्हणून दरवर्षी एक यादी निघते : सरकारने अमुक कायदा बदलावा, तमुक नवा करावा. प्रत्येक कौन्सिलर आपापली मागणी आणतो, कोणालाच नाही म्हटलं जात नाही, आणि चाळीसच्या वर मागण्यांचं एक बाड लंडनला जातं. तिथून एक नम्र पोच येते. ती मी फाइलला लावते.

त्या वर्षी ही यादी करणाऱ्या गटाचं अध्यक्षपद कुमुदताईंकडे आलं. पहिल्याच मिटिंगला त्यांनी बाड हातात तोललं.

"हू इज डाइंग फर्स्ट?" त्यांनी विचारलं.

मिटिंगा अर्थातच इंग्रजीत चालत. मी इथे मराठीत सांगतेय. पण हे वाक्य इंग्रजीत फारच भयंकर वाटलं, एवढं सांगायला हवं. ग्रॅहम नावाचे एक ज्येष्ठ कौन्सिलर चष्म्यावरून बघू लागले.

"एवढं सगळं मागितलं तर ते काहीच वाचणार नाहीत," कुमुदताई म्हणाल्या. "तीन मागूया. फक्त तीन."

मग त्यांनी प्रत्येक मागणीला तीन प्रश्न लावले. हे आपल्याला कायदा न बदलता करता येतं का? येत असेल, तर लंडनला कशाला सांगायचं, आपणच करू. यात अर्धी यादी गळाली, आणि काही जणांना आपण गेली दहा वर्षं काय करत होतो असा प्रश्न पडला. दुसरा प्रश्न : हे झालं नाही तर नेमकं कोणाचं अडेल? माणूस दाखवा. तिसरा : त्या माणसाला इथे येऊन ओरडता येतं का? येत नसेल, तर तो आधी.

ग्रॅहमना फटाक्यांवर कडक कायदा हवा होता, कारण इथे फटाके उडतात त्या नोव्हेंबरभर त्यांची कुत्री डचेस पलंगाखालून बाहेर येत नसे. "डचेसला इथे येऊन बोलता येत नाही," ते विजयी मुद्रेने म्हणाले.

कुमुदताईंनी याचा मनापासून विचार केला. "मान्य," त्या म्हणाल्या आणि पिवळा ठिपका लावला.

बाडाच्या पार शेवटी एक पत्र होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंचं, दोनच ओळींचं. बाजारातलं सार्वजनिक शौचालय बंद झाल्यापासून मी बाजाराच्या दिवशी चहा पिणं सोडलं होतं, आता बाजारात जाणंच सोडलं आहे. खाली सही.

कुमुदताईंनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि लाल ठिपका लावला.

कोणीतरी हसलं. ग्रॅहम म्हणाले, "डॉक्टर, आपण पार्लमेंटकडे संडास मागायला जायचं?"

"का? त्यांच्याकडे नाहीत?"

मुद्दा साधा होता. लायब्ररी चालवणं कौन्सिलला कायद्याने भाग आहे, कचरा उचलणं भाग आहे, पण सार्वजनिक शौचालय ठेवणं भाग नाही. त्यामुळे कुठे काटछाट करायची वेळ आली की पहिलं कुलूप तिथेच लागतं. ते भाग करा, एवढीच मागणी.

"म्हणजे सरकारने आपलेच हात बांधावेत, अशी विनंती आपणच करायची?" ग्रॅहमनी विचारलं.

"हो. मोकळे हात काय करतात ते बघितलं ना आपण. कुलूप लावतात."

मतदान पुढच्या मिटिंगवर गेलं. ती मिटिंग कुमुदताईंनी बाजारात ठेवली. 'साइट व्हिजिट' असं मला कागदावर लिहायला लावलं. नोव्हेंबरची सकाळ, बोचरा वारा. चौकातल्या हॉलमध्ये त्यांनी आधी सगळ्यांना आग्रह करकरून चहा पाजला. "थंडी आहे, घ्या ना अजून एक कप." ग्रॅहमनी तीन घेतले. मग चौकभर फिरवून त्या रस्त्याचे खड्डे, बसथांबे, फुटपाथ दाखवत राहिल्या. दीड तास झाला, हॉलही मागे बंद झाला. ग्रॅहम एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. शेवटी हळूच माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं. मी कुमुदताईंकडे बघितलं. शौचालयाच्या हिरव्या दाराकडे त्यांनी फक्त हात केला. दाराला कुलूप होतं.

ग्रॅहम चौकाच्या टोकाच्या पबकडे निघाले. त्या वयाच्या माणसाला इतक्या वेगाने चालताना मी पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी ते परत आले, टोपी काढली आणि म्हणाले, "अध्यक्षा, या मागणीला माझं अनुमोदन आहे." थोडं थांबून म्हणाले, "आणि पब अकराला उघडतो, हेही नोंदीत लिहा. आज दहा मिनिटं आधी उघडला, ती त्यांची मेहरबानी."

ते मी लिहिलं. माझ्या आजवरच्या नोंदींमधलं ते माझं सर्वांत आवडतं वाक्य आहे.

पूर्ण कौन्सिलपुढे तीन मागण्यांची यादी गेली आणि मंजूर झाली. पहिली मागणी शौचालयांची. दुसरी एकट्या राहणाऱ्या आजारी लोकांच्या देखभालीबद्दल, तिसरी गावांतल्या बसेसबद्दल. वसंत ऋतूत आम्ही चौघं ट्रेनने लंडनला गेलो. एका उपमंत्र्यांनी दहा मिनिटं दिली होती. कुमुदताई गर्द निळी इरकल नेसल्या होत्या. त्यांनी ठिपके काढले नाहीत, भाषणही केलं नाही. त्या दोन ओळींचं पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "या बाई आमच्याकडे ओरडायला येणार नाहीत. म्हणून मी आलेय." उपमंत्र्यांनी लेखणी खाली ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दहाची पंचवीस मिनिटं झाली. मी नोंदी घेत होते, आणि मधेच मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. माझ्या गावची बाई, माझ्या भाषेची बाई, तिथे इतकी ताठ बसलेली होती.

कायदा अजून झालेला नाही. 'विचाराधीन' आहे. पण एक झालं. जे सरकारने सक्तीचं करावं म्हणून आपण सांगत हिंडतो, तेच आपल्या चौकात बंद, याची लाज कौन्सिललाच वाटू लागली. बाजारातलं हिरवं दार पुन्हा उघडायचा ठराव झाला. तो ग्रॅहमनी मांडला.

ठराव झाला त्या दुपारी कुमुदताई मला म्हणाल्या, "चल, घरी चहा घे." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. त्या सगळ्यांकडे जात, पण त्यांच्याकडे कोणी जात नसे. त्यांचे यजमान डॉक्टर श्रीधर साळवी, नाक-कान-घशाचे सर्जन, एके काळी मंडळात पुढे असायचे. तीनेक वर्षं ते कुठे दिसले नव्हते. विचारलं की कुमुदताई म्हणत, "ते बागेत रमतात."

श्रीधरराव कोट-टाय घालून खुर्चीत बसले होते. "ये, ये," ते मला म्हणाले आणि लगेच बायकोकडे वळले. "हं, सांग. काय झालं?"

आणि कुमुदताईंनी मिटिंग करून दाखवायला सुरुवात केली. ग्रॅहमचा खाकरा, कौन्सिलच्या अध्यक्षांची जांभई, मत मोजताना झालेला गोंधळ, सगळ्यांची सोंगं. मी हसून लोटपोट झाले. श्रीधरराव डोळे पुसत होते.

"आणि लंडनला नेलेल्या त्या यादीत पहिलं काय ठेवलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"बस," कुमुदताई म्हणाल्या. "गावांतल्या बसेस." माझ्याकडे न बघता त्या चहा टाकायला आत गेल्या.

श्रीधरराव जरा पुढे वाकले.

"तुमच्या मिटिंगा वेबसाइटवर लाइव्ह दिसतात ना?"

"हो."

दिसतात. बघणारा बहुधा एकच असतो. आकडा कोपऱ्यात येतो. तो एक कोण, यावर आमच्या ऑफिसात पैजा लागत.

"मी प्रत्येक बघतो," ते म्हणाले. "पण ती घरी येऊन करते ती जास्त चांगली असते." मग ते बागेकडे बघत राहिले. "बाजारात एकदा त्या दाराला कुलूप होतं. मला पोचता आलं नाही कुठे. तसाच घरी आलो. तिने कपडे मशीनमध्ये टाकले आणि आज भाजी काय करू, असं विचारलं. पुढे कधी विषय काढला नाही. मी बाहेर जात नाही म्हटलं, तर गुलाबांची रोपं आणून दिली." ते थांबले. "एवढं वर्षभर त्या लोकांशी भांडली. माझं उदाहरण एकदा दिलं असतं, तर लवकर जिंकली असती. नाही दिलं."

आत कपबश्यांचा आवाज झाला.

"ते उघडतंय कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढच्या महिन्यात. पहिल्या गुरुवारी."

"गुरुवार. म्हणजे बाजाराचा दिवस." त्यांनी टायची गाठ सारखी केली. "तिला सांगू नकोस. मी तिथे बाकावर बसलेलो असेन."

कुमुदताई ट्रे घेऊन आल्या. "काय चाललंय दोघांचं?"

"बसचं," श्रीधरराव म्हणाले. "कुठली बस बाजारात जाते, ते विचारत होतो."