सोपानसर परमिट रूममध्ये काय करतात?

सोपानसरांचं जमलेलं लग्न मोडलं, त्याला कारण त्यांची पीएच.डी. तिचा विषय होता, दारू चढलेल्या माणसाला इंग्रजांनी चारशे वर्षांत काय काय म्हटलं. सरांनी जन्मात थेंबालाही बोट लावलं नव्हतं, पण गाईड म्हणाले, "इंग्रजी शब्दांशेजारी आपल्याकडचेही मांडा." मग सर रोज संध्याकाळी अकोल्याच्या परमिट रूममध्ये वही घेऊन बसायचे, सोडा प्यायचे आणि शेजारच्या टेबलावरचे शब्द टिपून घ्यायचे.

पुणतांब्याची अश्विनी त्यांना पसंत पडली होती. "काय वाचता?" असं तिनं विचारलं, सर "शब्दकोश" म्हणाले, आणि ती हसली नाही. तेव्हापासून सरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण पसंतीनंतर चौकशी आलीच. मुलगा कसा आहे हे मुलाला सोडून सगळ्यांना विचारायचं, अशी ही रीत. अश्विनीचे मामा आप्पासाहेब थेट सरांच्या घरमालकीणबाईंना भेटले.

"लई गुनी पोरगं," रतनबाई म्हणाल्या. "फकस्त सांजच्याला परमिट रूमला जातं. आलं की भिंतीकडं बघून इंग्रजीत बडबडतं."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

आप्पासाहेब आल्या पावली परतले. 'योग नाही' असा निरोप आला. सकाळच्या पहिल्या एसटीनं सरांनी पुणतांबं गाठलं.

"मी पीत नाही हो, अभ्यास करतो," सर अश्विनीच्या वडिलांना म्हणाले.

"असला अभ्यास आमच्या गावात लई जन करत्यात," सहादेवराव म्हणाले.

सरांनी वही पुढे केली आणि तिथंच चुकलं. पहिल्याच पानावर, 'दारू चढलेला' या मथळ्याखाली, 'पिकल्ड, म्हणजे लोणचं घातलेला. प्लास्टर्ड, म्हणजे गिलावा चढलेला' असं सुवाच्य अक्षरात होतं.

"बघा दाजी, लिहून ठिवतोय!" आप्पासाहेब ओरडले.

दारातून अश्विनी म्हणाली, "सर, वही मिटा आणि पहिल्यापासून पाठ म्हणा."

सरांनी सतराव्या शतकापासून सुरुवात केली. खलाशी प्यायलेल्याला 'तीन दोर सुटलेला' का म्हणायचे, हे शिडाच्या दोरांसकट सांगितलं. दीडशे शब्द झाले. "आता उलटे," ती म्हणाली. सर उलटेही म्हणाले, कुठं अडले नाहीत.

"आबा, पिणाऱ्याला कालचं आठवत नाही. यांना सतराशे सालचं आठवतंय," ती वडिलांना म्हणाली.

आप्पासाहेबांनीच पंचांग काढलं. साखरपुड्याची तारीख तिथल्या तिथं धरली.

सहादेवराव त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, सनासुदीला, पाव्हन्यांनी लईच आग्रह केला म्हून एखादाच घोट घेनाऱ्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

सर आठवू लागले. तेवढ्यात गोठ्यामागून सासूबाईंचा, भागिरथीबाईंचा आवाज आला, "इंग्रजीतलं म्हाईत न्हाई, मराठीत खोटारडा म्हनत्यात!"