अडतीस अंशांचं कार्ड

विमा कंपनीच्या दावे विभागात त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. कुणाचा कॉम्प्युटर अडला, की हाक त्यालाच. त्यामुळे मध्यम किमतीचं एक नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं आणि विभागातल्या चौघांना ते गेम खेळायला हवंसं वाटलं, तेव्हा प्रोफेसरने ऐटीत जाहीर केलं, की आधी मी घेतो, रविवारी कसून तपासतो. माझा निरोप येईपर्यंत कुणी खिशात हात घालायचा नाही.

रविवारी सकाळी त्याने कार्ड बसवलं, ते किती तापतं हे बघायला खोलीतला पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि वही-पेन घेऊन गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला. तासाभरात तो स्वतः घामाने निथळला. कार्ड मात्र अडतीस अंशांवर गारेगार. कार्डाचे पंखे फिरतसुद्धा नव्हते. पडद्यावरची गाडी आचके देत चालली होती खरी, पण तो दोष त्याने गेमच्या माथी मारला.

सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी स्वतःची लाँड्री चालवलेली. त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे तळहात धरून पाहिला.

“जावईबापू, हे नक्की काम करतंय ना?”

यालाच उत्तम कूलिंग म्हणतात, असं त्याने त्यांना हसून समजावलं आणि विभागाच्या ग्रुपवर निरोप टाकला : ‘तासभर खेळूनही अडतीस अंश. डोळे मिटून घ्या.’

सासूबाईंना मात्र ते पटेना. न तापणाऱ्या इस्त्र्या त्यांनी डझनांनी पाहिल्या होत्या आणि दहातल्या नऊ वेळा घोळ वायरीतच निघाला होता. जेवणं झाल्यावर त्या चष्मा लावून टेबलाखाली शिरल्या.

“नवं कार्ड हे खालचं ना? मग पडद्याची वायर वरच्या भोकात का खुपसलीये?”

प्रोफेसर वाकून बघायला गेला आणि तिथेच फतकल मारून बसला. सकाळभर गेम कॉम्प्युटरच्या अंगच्या जुजबी ग्राफिक्सवर रखडत होता. नवं कार्ड नुसतं रुखवतासारखं मांडून ठेवलेलं!

वायर बदलली. पंखे घोंगावू लागले, आकडा चढत चढत बहात्तरवर स्थिरावला आणि गाडी अशी सुसाट सुटली, की बायको आतून धावत आली. सासूबाईंनी तर जावयाला सरकवून खुर्चीच बळकावली.

तेवढ्यात विभागाच्या साहेबांचा फोन आला. निरोप वाचून त्यांनी तडक कार्ड विकत घेतलं होतं. ते बहात्तर अंशांवर जातंय म्हणून सदोष ठरवून परत करायला ते दुकानात उभे होते आणि दुकानदार ऐकत नव्हता. प्रोफेसरनेच आता त्याला चार शब्द सुनावावेत, असं म्हणत त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

प्रोफेसरने वायरीची सगळी हकीकत सांगून टाकली. पलीकडे दुकानदार खो खो हसत सुटला.

“म्हणजे माझं कार्ड चांगलं आहे?” साहेबांनी विचारलं.

“उत्तम आहे साहेब. एवढ्या किमतीत याहून गार आणि याहून वेगवान मिळणं कठीण.”

“आणि वायर कुणी पकडली म्हणालात?”

“सासूबाईंनी.”

“मग फोन जरा त्यांना द्या. मॉनिटर कुठला घ्यावा, तेही विचारून घेतो.”

प्रोफेसरने फोन पुढे केला. सासूबाईंनी पडद्यावरची नजर हटवली नाही.

“त्यांना म्हणावं, गाडी वळणावर आहे. मग बोलते.”

प्रोफेसरने तो निरोप साहेबांना जसाच्या तसा कळवला.